गुण्याची चिठ्ठी

"गुण म्हणजे दोरी," मी ठासून सांगितलं. "दोरीनं कोन साधायचं जे साधन, तो गुण्या. संस्कृतात धनुष्याच्या दोरीलासुद्धा गुणच म्हणतात, तात्या. शंकेला जागाच नाही."

तात्या घैसासांनी चष्मा कपाळावर ढकलला, माझी चिठ्ठी पार नाकाजवळ नेली आणि मान डोलावली. "पटण्यासारखं आहे," ते म्हणाले.

तात्यांचं 'पटण्यासारखं आहे' म्हणजे दुसऱ्या कुणाची शाबासकी. त्याहून जास्त त्यांनी मला पाच वर्षांत कधी दिलं नव्हतं आणि मीही तेवढ्यावर भागवायला शिकले होते. मी चिठ्ठी परत घ्यायला हात पुढं केला, तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली मेहेर म्हणाली, "पण ताई, गुण्याला दोरी नसते."

"म्हणजे?"

"नसतेच. लोखंडाचा असतो तो. दोन पट्ट्या, अशा जोडलेल्या." तिनं दोन्ही पंजे काटकोनात एकमेकांना लावून दाखवले. "दोरी असते ती ओळंब्याला. तुम्ही गुण्या बघितलाय ना, ताई?"

मी बघितला नव्हता. कुठं बांधकाम चालू असलं की साडीला चुना-सिमेंट लागेल म्हणून रस्ता ओलांडून पलीकडून जाणारी बाई मी. शब्द मला एका जुन्या यादीत मिळाला होता, अर्थही त्याच यादीत होता, 'काटकोन तपासायचे साधन'. पुढचं सगळं मी खुर्चीत बसून रचलेलं होतं.

"बघितला नाहीस?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"कमाल आहे! मग लिहिलंस काय हे?" असं म्हणून तात्या खो खो हसले. रागावले असते तर चाललं असतं. मेहेरही हसली. तिच्या हसण्यात खोट नव्हती, हे मला आता कळतं. त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालची, सांगलीची. हळदीच्या एका वखारीच्या माडीवर आमचं छोटं कोशमंडळ होतं. गवंडी, सुतार, तांबट, कोष्टी, कुंभार आपापल्या कामात जे शब्द बोलतात त्यांचा कोश आम्ही करत होतो. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, पोस्टकार्डाएवढी. वर शब्द, खाली अर्थ, कुणाच्या तोंडून ऐकला, कुठं ऐकला, आणि शेवटी तो मुळात आला कुठून. चिठ्ठ्या लाखाच्या घरात गेलेल्या. त्यांच्यासाठी भिंतभर कपाट होतं, एकेका अक्षराला एकेक खण. खालची हळदीची धूळ जिन्यानं वर यायची आणि आमचे शब्द कडेनं पिवळे व्हायचे.

संपादक तात्या. पासष्टी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांची मदतनीस मी, शालन औंधकर. संस्कृतात एम. ए., वय एकतीस, लग्नाचा विषय घरात आता कुणी काढत नव्हतं. तात्यांना दिसायचं नाही ते मी वाचायची, आठवायचं नाही ते मी आठवायची. मंडळाला सहायक संपादकाची एक कायमची जागा मंजूर झाली होती आणि ती माझीच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. आमचा शिपाई सिदाप्पा तर आत्तापासूनच मला "सायेबबाई" म्हणायला लागला होता. मी त्याला दटावायची, पण ऐकायला गोड वाटायचं.

आणि मग मेहेरुन्निसा गवंडी आली. बावीस वर्षांची, नुकतीच बी. ए. झालेली, मिरजेच्या दस्तगीरमिस्त्रींची मुलगी. गवंडीकामाचे शब्द गोळा करायला तात्यांनी तिला सहा महिन्यांसाठी घेतलं. मला वाटलं, चार चिठ्ठ्या लिहील आणि जाईल. कपाळ माझं!

माझी फजिती झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती वडलांचा गुण्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. लोखंडी, वापरून वापरून कडा चकाकलेल्या. तात्यांनी तो हातात घेतला, बोटांनी चाचपला, पोराला खेळणं मिळावं तसे खूश झाले.

"वापरतात कसा?"

"असा." मेहेरनं गुण्या तात्यांच्या टेबलाच्या कोपऱ्याला लावला. एक पट्टी कडेला चिकटून बसली आणि दुसरीत नि लाकडात चांगलं बोटभर अंतर राहिलं. तिनं जीभ चावली. "तात्या, रागावू नका. तुमचं टेबल गुण्यात नाही."

"गुण्यात नाही!" तात्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "शालन, लिही, लिही. 'गुण्यात असणे'. अगं, हा तर नुसता वस्तूचा शब्द नाही, हा आकार सांगणारा शब्द आहे! आपण पुस्तकात काटकोन काटकोन करत बसतो, आणि गवंडी म्हणतो गुण्यात. बावीस वर्षं मी या टेबलावर लिहितोय, मला पत्ता नाही."

"गुण्यागोविंदानं म्हणतात त्यातला गुण्या काय ह्यो?" चहा घेऊन आलेल्या सिदाप्पानं विचारलं.

"तो निराळा, बाबा. तू चहा ठेव."

मी लिहिलं. माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात. मग तात्यांनी मेहेरच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाबास, पोरी."

शाबास. पाच वर्षं मी ज्याची वाट बघितली तो शब्द त्यांनी तिला तिसऱ्या आठवड्यात देऊन टाकला.

त्यानंतर मला दुसरं काही दिसेना. तात्या डब्यातलं संत्रं सोलायचे आणि अर्ध्या फोडी तिच्या टेबलावर ठेवायचे. माझ्याही ठेवायचे, पण तिच्या आधी. माझी चिठ्ठी वाचताना त्यांना जांभई यायची आणि तिची वाचताना ते खुर्चीत पुढं सरकायचे. ती आली नाही तर "आज मेहेर नाही का?" असं दोनदा विचारायचे. मी तापानं फणफणून चार दिवस घरी होते तेव्हा कुणी विचारलं होतं का, हे मी सिदाप्पाकडून खोदून खोदून काढायचा प्रयत्न केला. सिदाप्पा म्हणाला, "इचारलं असंल की." एवढंच.

आणि मुलगी तरी वाईट असावी! तेही नाही. मला आल्याआल्या सलाम, जाताना "येऊ का ताई?". माझं अक्षर बघून तिनं स्वतःचं अक्षर सुधारायला घेतलं. मला वाटायचं, हिनं एकदा तरी उद्धटपणा करावा, म्हणजे माझ्या जळफळाटाला काही कारण मिळेल.

एका सकाळी तात्यांनी दोघींना विश्रामबागेकडं पाठवलं. दस्तगीरमिस्त्री तिथं एका घराचा पाया आखत होते. "शब्द कामावर ऐकायचा असतो," तात्या म्हणाले आणि ते माझ्याकडं बघून म्हणाले.

मिस्त्री उंच, वाळलेले, पांढऱ्या दाढीचे. मला बघून त्यांनी स्वतःच्या हातानं फळी पुसली. "बसा बाई. ही सांगत असती तुमचं. लई शिकल्याल्या हायती म्हणून."

"काय सांगते?"

"तुम्हाला समदं पाठ असतंय म्हणती. कोश तोंडात हाय म्हणती."

मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, घरीसुद्धा माझ्याबद्दल बोलते, म्हणजे किती मोठेपणा घ्यावा माणसानं!

मिस्त्रींनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर. मग टेप घेऊन एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत तिरपं मोजलं. "पाच आलं पायजे," ते म्हणाले. पाचाला बोटभर कमी आलं. त्यांनी दुसरी खुंटी उपटली, जराशी बाहेर ठोकली, पुन्हा मोजलं. पाच. "आता आलं गुण्यात." मग दोरीखालून फक्कीची पांढरी रेघ पडली.

कर्णाचा वर्ग म्हणजे बाकी दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, हे मी शाळेत घोकलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते. ते मातीत ठोकता येतं हे मला एकतिसाव्या वर्षी कळलं.

"आणि बोटभर चुकलं तर काय होतं?" मी विचारलं.

"भिंत बांधताना कायच न्हाई. गिलावा करताना बी कळत न्हाई. फरशी बसवाय लागलं की कळतं. भिंतीकडंला पाचरीगत तुकडा ऱ्हातोय, कुठली फरशी बसत न्हाई तिथं. तवा घरमालक विचारतोय, मिस्त्री, ह्ये काय? काय सांगायचं?"

"अब्बांच्या कामात तसा तुकडा कधी राहिला नाही," मेहेर म्हणाली. "आजोबांच्या पण नाही. आजोबा 'गुनिया' म्हणायचे. त्यांची एक जुनी वही आहे ताई, फारसी अक्षरातली. त्यात या अवजाराचं चित्र आहे आणि खाली नाव लिहिलंय. मला नीट वाचता येत नाही. कोल्हापूरला काझीसर म्हणून आहेत, फारसीचे. त्यांना लिहू का?"

"लिही की," मी म्हटलं. माझ्या मनात होतं, काय सापडणार आहे गवंड्याच्या वहीत!

आठ दिवसांनी कार्ड आलं. मेहेरनं ते तात्यांना वाचून दाखवलं आणि मी माझ्या टेबलावरून ऐकलं. काझीसरांनी लिहिलं होतं की वहीतला शब्द 'गूनिया' असाच आहे, फारसीत काटकोन तपासायच्या अवजाराला तेच म्हणतात, आणि फारसीत तो आला ग्रीकातून. ग्रीकात 'गोनिया' म्हणजे कोन. आपला 'कोन' हा शब्दही तिकडूनच आला असावा असं काही विद्वान म्हणतात, पण त्याबद्दल मी शपथ घेणार नाही, असंही खाली होतं. आणि शेवटी एक ओळ मेहेरसाठी. फारसी शिकायची असेल तर ये, मी शिकवीन.

तात्यांनी कार्ड हातात घेतलं. मग उठले, खिडकीशी गेले, परत आले. "म्हणजे मिरजेचा मिस्त्री सकाळी उठून ग्रीक बोलतो! आणि आम्ही इथं गुण म्हणजे दोरी!" ते हसले आणि एकदम गंभीर झाले. "मेहेर, ही चिठ्ठी मी गुरुवारी मंडळाच्या समितीपुढं ठेवणार आहे. चाळीस वर्षांत अशी चिठ्ठी माझ्या हातून झाली नाही."

समितीची बैठक त्या गुरुवारी होती. त्याच बैठकीत सहायक संपादकाचं नाव ठरणार होतं. मी बोटांवर दिवस मोजले. 'आम्ही इथं' असं तात्या म्हणाले होते, पण ती दोरी माझ्याच गळ्याला लागली होती.

शनिवारी दुपारी 'ग'चा गठ्ठा छापखान्यात जायचा होता. चिठ्ठ्या क्रमानं लावून बांधायचं काम माझं. तात्या जेवून घरी गेले होते, मेहेर पोस्टात गेली होती, सिदाप्पा जिन्याच्या तोंडाशी पेंगत होता. 'गुणी', 'गुण्या', 'गुत्ता'. मेहेरची चिठ्ठी माझ्या हातात होती. अक्षर आता अगदी माझ्यासारखं झालेलं.

मी ती बाजूला काढली आणि तिच्या जागी माझी जुनी चिठ्ठी ठेवली. गुण म्हणजे दोरी.

फाडणार होते. हात होईना. कोशाच्या कामात पडलेल्या माणसाकडून चिठ्ठी फाडली जात नाही, पण ती हरवायला फाडावी लागतच नाही. लाखभर चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी चुकीच्या खणात पडली की संपलं, माणसाचं आयुष्य सरेल पण ती सापडणार नाही. आणि कपाटात काही खण असे होते की ते कुणी उघडतच नव्हतं. 'ङ'वरून मराठीत शब्द सुरू होत नाही, म्हणून त्या खणात सिदाप्पा चहाची साखर ठेवायचा. 'ळ'वरूनही होत नाही. मी 'ळ'चा खण बोटभर ओढला, फटीतून चिठ्ठी आत सरकवली आणि खण लावून टाकला. मग गठ्ठ्याला सुतळी बांधली, तीही चांगली आवळून.

माझा हिशेब सोपा होता. 'ग'चं प्रूफ वाचणार मी. तात्यांना बारीक टाइप दिसत नाही. गुरुवारी ते अभिमानानं तो शब्द काढायला सांगतील आणि निघेल माझी दोरी. मी म्हणणार, नवी चिठ्ठी माझ्याकडं आलीच नाही. चिठ्ठी कुणी सांभाळायची होती? मेहेरनं. चिठ्ठी हरवणारं माणूस तात्यांनी आजवर ठेवलेलं नव्हतं.

रविवारी मी डोकं धुतलं, भावजयीबरोबर गणपतीला जाऊन आले, पोटभर जेवले. खोटं कशाला सांगू? मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. मला हायसं वाटलं.

सोमवारी मेहेर आली तशी कुठं तरी बाहेर गेली आणि दुपारी परतली. मंगळवारी तात्या छापखान्यात गेले, एकटेच, मला न घेता. बुधवारी प्रूफ यायला हवं होतं, आलं नाही. "या खेपेला थेट बैठकीतच बघू," तात्या म्हणाले. मी स्वतःला समजावलं की यांना काय दिसणार आहे.

गुरुवारी चारला समिती जमली. पाच जण, अध्यक्ष निवृत्त प्राचार्य डफळापूरकर. सिदाप्पानं भडंग आणि चहा मांडला. मेहेर कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसली. तात्यांनी प्रूफाचे कागद माझ्यापुढं सरकवले.

"शालन, 'गुण्या' काढ. मोठ्यानं वाच."

मी पान उलटलं. तिथं माझी दोरी असणार, मी ती वाचणार, मग तात्या म्हणणार, हे काय? मी चेहरा तयार ठेवला होता. आणि वाचायला लागले.

"गुण्या, पुल्लिंगी नाम. काटकोन तपासण्याचे गवंडी-सुतारांचे लोखंडी किंवा लाकडी साधन. गुण्यात असणे, बरोबर काटकोनात असणे. मूळ..." मी ओळ पुन्हा बोटानं धरली. "मूळ फारसी 'गूनिया', त्याचे मूळ ग्रीक 'गोनिया', अर्थ कोन. साक्ष, दस्तगीर गवंडी, मिरज."

छापलेलं होतं. स्वच्छ, काळ्या टायपात. सापडली तर! कुणाला? कधी? आता तात्या सगळ्यांदेखत माझं नाव घेणार आणि मला इथून खाली मान घालून जिना उतरावा लागणार. तेवढ्यात डफळापूरकर टेबलावर थाप मारून म्हणाले, "वा! क्या बात है! कुणाचा हा शोध, घैसास?"

तात्या माझ्याकडं बघत होते. त्यांना दिसत किती होतं देव जाणे.

"आमच्या शालनचा," ते म्हणाले.

मी मेहेरकडं बघितलं. ती खाली मान घालून पेनचं टोपण लावत होती.

"शाबास!" डफळापूरकर म्हणाले. "बाई, बोला की, कसा सापडला?"

अजून वेळ गेलेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. मी उठून उभी राहिले आणि बोलायला लागले. विश्रामबागेतल्या त्या खुंट्या सांगितल्या, तीन, चार, पाच सांगितलं, मिस्त्रींची वही सांगितली, काझीसरांचं कार्ड सांगितलं. फरशीच्या पाचरीचं सांगितलं तेव्हा सगळे हसले. आणि कबूल करते, मी छान बोलले. तोपर्यंत मी इतकी छान कधीच बोलले नव्हते.

टाळ्या झाल्या. पाच मिनिटांत माझं नाव ठरलं. तात्या माझ्याजवळ आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास, शालन." सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

समिती खाली गेली, तात्या त्यांना पोचवायला गेले. मी कपाटापाशी आले तर मेहेर तिथं होती. तिनं 'ळ'चा खण पूर्ण बाहेर ओढला होता आणि त्यातून तिची फणी, शाईची दौत, जेवणाचा रुमाल आणि चिठ्ठ्यांचा एक छोटा गठ्ठा पिशवीत भरत होती.

"तो खण..." मी म्हटलं.

"माझाच आहे, ताई. पहिल्या दिवसापासून. माझ्या टेबलाला खण नव्हता ना, म्हणून तात्यांनी हा दिला."

शहरभर जागा सोडून मी तिची वस्तू तिच्याच खणात लपवली होती.

"सोमवारी सापडली तुला?"

"हो. आल्याआल्या."

"राग नाही आला?"

"आला. फार आला." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "चिठ्ठी घेऊन तशीच तात्यांच्या घरी गेले. तुमचं नाव सांगायलाच गेले होते. चिठ्ठ्या लावायचं काम तुमचं, दुसरं कोण असणार?"

"मग?"

"तात्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, कळलं मला. मग म्हणाले, पाच वर्षं ही पोर माझे डोळे झाली आणि मी तिला एकदा शाबास म्हटलेलं नाही." मेहेरनं रुमालाची घडी केली. "ताई, ते रडले. मला बघवेना."

खालून डफळापूरकरांचं गडगडाटी हसणं ऐकू आलं.

"मग मीच म्हटलं, हा शब्द ताईंना देऊ या. ते आधी नको नको म्हणाले, ओरडले माझ्यावर. म्हणाले, असा शब्दाचा धनी बदलता येत नाही. मी म्हटलं, तात्या, शब्द बरोबर छापला म्हणजे झालं, नाव कुणाचं का असेना. मी तर कोल्हापूरला चाललेच आहे, काझीसरांकडं. अब्बा पण हो म्हणालेत."

"तुला मिळालेला एवढा मोठा शब्द... असा देऊन टाकलास?"

ती हसली. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि माझा हात हातात घेतला, मी आजारी असल्यासारखा, अगदी हलकेच.

"त्यात काय, ताई," ती म्हणाली. "मला अजून सापडतील."

एवढं बोलून ती जिना उतरून गेली. तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. मी खिडकीशी आले. खाली तिनं तात्यांना वाकून सलाम केला, हळदीच्या पोत्यांमधून वाट काढली आणि मिरजेच्या एसटीसाठी झपाझपा चालायला लागली. जागा माझी झाली होती, शब्द माझा झाला होता, तात्यांची शाबासकीही मिळाली होती. आणि मी त्या खिडकीत उभी राहून तिच्या पाठीकडं बघत होते, आणि तिचा जेवढा हेवा मला त्या घटकेला वाटला तेवढा त्याआधी कधी वाटला नव्हता. आज मला सत्तरावं लागलंय. तो अजून गेलेला नाही.